भिंतीपलीकडून उत्तर

"नाही म्हणजे नाही! मी तळ्यावर येणार नाही!" मुंगीने ठणकावून सांगितलं आणि गळ्यातल्या दोन किल्ल्या शर्टाच्या आत सारल्या.

"दोन?" पोपट ओरडला. "कालपर्यंत तर एकच होती! चोऱ्या करायला लागलीस की काय?"

सुट्टी लागून जेमतेम तिसरा दिवस होता. जिन्याच्या पायऱ्यांवर तिघांची सभा भरली होती. पोपट अकरा वर्षांचा. तो झोपेतही बोलतो, असं त्याची आईच सांगायची. स्क्रू तेराचा. त्याचे बाबा वायरमन, त्यामुळे याच्या खिशात रुमाल नसला तरी पेचकस असायचाच. आणि मुंगी बारा वर्षांची, चणीने एवढीशी, पण एकदा चिकटली की सुटायची नाही. सायकलीवरून तळ्यावर जायचा बेत महिनाभर शिजत होता आणि आज ऐनवेळी ही बया माघार घेत होती!

"एक आमच्या घराची किल्ली, एक कंडक्टरताईंच्या," मुंगी म्हणाली. "त्यांनी काल संध्याकाळी मांजराचं पिल्लू आणलंय. महिन्याचंसुद्धा नसेल. दिवसभर एकटं असतं बिचारं. त्याला खाऊ घालायचं काम माझ्याकडे आहे."

कंडक्टरताई तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. सकाळी साडेसहाला घर सोडायचं, दिवसभर बसमध्ये उभ्याने तिकिटं फाडायची आणि पाचला परत, असा त्यांचा दिनक्रम. सोमवारी संध्याकाळी त्या इमारतीमागच्या बोळात कचरा टाकायला गेल्या, तर पाण्याच्या टाकीमागे हे पिल्लू गारठून बसलेलं! पांढरंशुभ्र, आणि नाकावर काळा गोल ठिपका. म्हणून त्याचं नाव पडलं बटण.

"आईने टाकलं असणार," ताई म्हणाल्या होत्या. "आजूबाजूला मांजर काही दिसलं नाही. हे बघ मुंगे, चार वेळा जायचं, जनावरांच्या डॉक्टरबाईंनी दिलेलं पातळ खाणं भरवायचं, अर्धा तास बसायचं आणि निघून यायचं. दिवसभर मांडीवर घेऊन बसू नकोस हं! त्याला एकटं राहायची सवय लागायला हवी. सुट्टी संपली की तू शाळेत आणि मी बसमध्ये. मग ते काय करेल?"

मुंगीला हे पटलं. एकटं राहण्याची सवय काय असते, ते तिच्याइतकं कुणाला माहीत? तिची आई रुग्णालयाच्या धुलाईखात्यात कामाला आणि बाबा गोदामावर. दुसरीत असल्यापासून मुंगीच्या गळ्यात किल्ली होती. शाळेतून आल्यावर कुलूप उघडायचं, आतून कडी लावायची आणि घड्याळाकडे बघत बसायचं. पहिले काही दिवस तर ती रोज रडली होती. त्यावर आईनेच तोडगा काढला होता. ती कामावर जाताना रेडिओ चालूच ठेवून जायची. घरात कुणीतरी बोलतंय एवढ्यानेसुद्धा जिवाला बरं वाटायचं.

बटण मात्र रडायचं, आणि तेही चमत्कारिक! दोनदा हाक मारल्यासारखं ओरडायचं, मग एकदम गप्प. कान टवकारून, मान वाकडी करून न्हाणीघराच्या बंद दाराकडे बघत राहायचं. थोड्या वेळाने पुन्हा दोनदा, पुन्हा गप्प.

'रडणाऱ्याला मध्येच थांबून ऐकायचं काय असतं?' मुंगीच्या मनात एकदा आलं खरं. पण आलं तसं गेलंही. पुढे हाच विचार तिला किती छळणार होता, ते तिला तेव्हा कुठे ठाऊक होतं!

बुधवारी तक्रार आलीच. दुसऱ्या मजल्यावरचे सेक्रेटरीकाका जिन्यात कमरेवर हात ठेवून उभे राहिले. काकांची दुपारची झोप म्हणजे इमारतीचा अलिखित कायदा!

"दोन दिवस डोळ्याला डोळा नाही माझ्या!" ते गरजले. "आधी आठवडाभर त्या नळवाल्यांची ठोकाठोक, आता हे मांजर! तुझ्या कंडक्टरताईंना सांग, रविवारपर्यंत हा आवाज बंद झाला नाही तर पिल्लू इमारतीबाहेर!"

"अहो, लहान आहे ते," तळमजल्यावरच्या शिंपीणकाकू मध्ये पडल्या. त्यांच्या तोंडात दोन टाचण्या होत्या, तरी त्या बोलायच्या थांबल्या नाहीत. "आईवेगळं लेकरू रडणारच! मांजरी आपल्या पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. कुठेतरी ठेवलं असेल आणि गेली असेल निघून. आता आठ दिवस तरी आईला शोधेल ते."

रविवारपर्यंत! बटणाला बाहेर काढलं तर ते जगणार कसं? ती धावत घरी गेली, आपला जुना रेडिओ उचलला आणि ताईंच्या स्वयंपाकघरात, न्हाणीघराच्या दाराजवळच्या फळीवर ठेवून मोठ्याने लावला. गाणी, बातम्या, पुन्हा गाणी. बटण दचकलं, टेबलाखाली शिरलं आणि गप्प बसलं.

मात्रा अगदी बरोबर लागू पडली! सेक्रेटरीकाकांना गाणी आवडायची, त्यामुळे त्यांची झोप शाबूत राहिली. "डोकं आहे हो पोरीला!" ते जिन्यात भेटेल त्याला सांगू लागले. ताईंनी तिची पाठ थोपटली. मुंगीला आभाळ ठेंगणं झालं.

शुक्रवारपर्यंत बटण रडेनासं झालं. पण खाईनासंही झालं. दिवसभर न्हाणीघराच्या दाराशी, खालच्या फटीला नाक लावून पडून राहायचं.

"रुळलं बघ," ताई म्हणाल्या. मुंगीही तसंच धरून चालली, कारण तसं धरून चालणं सोपं होतं.

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला तिघंही ताईंच्या घरात होती. बटण आजारी आहे का, ते बघायला मुंगीने दोघांना ओढून आणलं होतं.

"याला काहीतरी खेळायला दे," पोपटाची टकळी चालू होती. "माझ्या मामांकडे एक मांजर होतं, ते चेंडू झेलायचं! खोटं वाटतं? अगं दोन्ही पायांनी झेलायचं, आणि एकदा तर..."

खट्! वीज गेली. पंखा घरघरत थांबला आणि रेडिओ गाण्याच्या मध्येच बंद पडला. चार दिवसांत पहिल्यांदाच त्या घरात दिवसाची शांतता झाली.

बटण उठलं. लटपटत न्हाणीघराच्या दाराशी गेलं. दोनदा ओरडलं आणि कान टवकारून थांबलं.

आणि भिंतीच्या पलीकडून उत्तर आलं!

अगदी बारीक, खरखरीत, जेमतेम ऐकू येईल असं. पण उत्तरच ते. पोपट तोंड उघडं ठेवून गप्प झाला. असं आजवर कधी झालं नव्हतं.

"मांजर!" स्क्रू कुजबुजला. "भिंतीत मांजर आहे!"

"मावशी!" पोपटाला एकदम कंठ फुटला. "आपली मावशी! अरे, ती किती दिवसांत दिसलीच नाही!"

मावशी म्हणजे बोळातली पांढरी भटकी मांजरी. वाघाची मावशी ती सगळ्यांचीच मावशी. तिचं पोट वाढलं होतं, त्यावरून पिल्लं होणार हे कळत होतं. मग ती दिसेनाशी झाली आणि सुट्टीच्या धांदलीत सगळे तिला विसरून गेले.

मुंगीच्या डोक्यात मात्र शिंपीणकाकूंचे शब्द लख्खकन चमकले. "सात घरं *फिरवते*! अरे, फिरवते म्हणाल्या काकू! मांजर पिल्लांना टाकत नाही, एकेक करून तोंडात धरून हलवते! नळवाल्यांची ठोकाठोक चालली होती ना मागच्या डक्टमध्ये? त्या आवाजाला भिऊन तिने पिल्लं हलवायला घेतली असणार. बटणाला टाकीमागे ठेवलं आणि दुसरं आणायला आत गेली..."

"आणि तेवढ्यात दार लावलं," स्क्रूने वाक्य पुरं केलं. त्याचा चेहरा उतरला. "सोमवारी संध्याकाळी काम संपलं. मी पाहिलंय, मुकादमाने डक्टचं लोखंडी दार लावून कुलूप ठोकलं. आत डोकावूनसुद्धा बघितलं नाही त्याने."

डक्ट म्हणजे इमारतीच्या मागच्या अंगाला, सगळ्या न्हाणीघरांमागून तळापासून गच्चीपर्यंत गेलेली अरुंद पोकळी. सगळे नळ तिच्यातूनच वर चढायचे. वरून नवी जाळी ठोकलेली, खाली कुलूपबंद दार. स्क्रू उलट्या बादलीवर चढला. न्हाणीघराच्या झरोक्याची काचपट्टी त्याने पेचकसाने उकलली आणि हात बाहेर घालून विजेरीचा झोत खाली सोडला.

एक मजला खाली, नळांच्या मागे, सिमेंटच्या तुळईवर दोन हिरवे ठिपके चमकले. आणि त्यांच्याजवळ काहीतरी पांढरं, मुठीएवढं, वळवळलं.

"सोमवार ते रविवार," मुंगी बोटं मोजत म्हणाली. "सहा दिवस."

किल्ली होती सेक्रेटरीकाकांकडे. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी, हा प्रश्नच नव्हता. मुंगी पुढे, दोघे मागे.

"मांजर? डक्टमध्ये?" काका वर्तमानपत्रामागून म्हणाले. "काहीतरीच! ते पिल्लू रडतं, त्याचा आवाज घुमतो."

"काका, आम्ही डोळ्यांनी पाहिलं!"

काकांनी उपकार केल्यासारखा मुकादमाला फोन लावला. "हो... हो... बरं." फोन ठेवला. "तो म्हणतो, नीट बघूनच दार लावलं होतं. आणि आतला गिलावा ओला आहे, आठ दिवस दार उघडायचं नाही. मंगळवारी तो येईल तेव्हा बघू. मांजरं कुठूनही वाट काढतात, काही होत नाही त्यांना! पळा आता."

मंगळवार! जिन्यात आल्यावर मुंगीने दात-ओठ खाल्ले. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती रडायची वेळ नव्हती.

"काका सगळ्यात जास्त कशाला घाबरतात?" तिने विचारलं.

"काकूंना!" पोपट म्हणाला.

"आणि त्याखालोखाल?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. वर्षभर काकांच्या न्हाणीघराची भिंत ओली होती, त्यासाठीच तर नळ बदलले होते! पोपटाने छाती भरून श्वास घेतला. देवाने त्याला एवढा मोठा गळा कशासाठी दिला होता, ते त्या दिवशी सगळ्या इमारतीला कळलं.

"गळतीऽऽ! डक्टमध्ये गळतीऽऽ! नवे नळ फुटलेऽऽ! काकांच्या भिंतीत पाणी चाललंऽऽ!"

दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. काका बनियनवरच, एका पायात चप्पल आणि हातात किल्ली घेऊन धाडधाड जिना उतरले. ओला गिलावा, आठ दिवस, मुकादम, सगळं विसरले! बोळातलं दार करकरत उघडलं आणि आतून कुबट वासाचा भपकारा आला.

"कुठे आहे पाणी?" काका किंचाळले.

टप्... टप्... टप्... वरून खरोखरच थेंब पडत होते. एका नव्या जोडातून पाणी झिरपत होतं! मुलं खोटं बोलायला गेली आणि खरंच निघालं. त्या थेंबांवरच मावशी सहा दिवस तगली होती.

"काका, पाणी नंतर!" मुंगी म्हणाली आणि तिने शिंपीणकाकूंची कापडी पिशवी खांद्याला अडकवली. भिंतीत प्लंबरसाठी ठोकलेल्या लोखंडी कांबी होत्या, पण नव्या नळांमुळे वाट इतकी चिंचोळी झाली होती की स्क्रूचा खांदासुद्धा शिरेना.

"अगं, उतर! हातपाय मोडून घेशील!" काका ओरडले.

"तिलाच जाऊ द्या," शिंपीणकाकू म्हणाल्या. "तुम्ही विजेरी नीट धरा म्हणजे झालं!"

मुंगी चढू लागली. कांबी गंजलेल्या, तळहाताला टोचणाऱ्या. वर जाताना तिला भिंतीच्या ताज्या गिलाव्यावर ओरखडे दिसू लागले. आधी एकदोन, मग दाट, एकावर एक. सगळे ताईंच्या झरोक्याच्या दिशेने वर गेलेले. मावशी बटणाच्या आवाजाकडे चढत होती. दुसरं पिल्लू तोंडात धरून दोन मजले चढली होती. शेवटचा मजला तेवढा तिला जमला नव्हता.

तुळईवर ती पडलेली होती, हाडांचा नुसता सापळा. पुढच्या पंजांची नखं झिजून रक्त साकळलं होतं. पोटाशी पिल्लू मात्र उबेत होतं.

"मावशे," मुंगीने हळूच हाक मारली.

मावशीने डोळे उघडले. आणि त्याच क्षणी वीज आली.

वरच्या झरोक्यातून रेडिओ धो धो वाजायला लागला. त्या अरुंद पोकळीत गाणं असं दणाणलं की मुंगीच्या कानठळ्या बसल्या. मावशीने कान पाडले आणि अंग चोरलं. ती रोज हेच करत असणार, हे मुंगीला कळलं. बटणाला हाक मारायची, आणि उत्तराच्या जागी हे ऐकायचं. चार दिवस!

"बंद करा तो!" मुंगी जिवाच्या आकांताने ओरडली. "कुणीतरी रेडिओ बंद करा!"

ताई पाचला घरी आल्या तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. आत जुन्या स्वेटरवर मावशी होती आणि डॉक्टरबाई तिला सुईने पाणी देत होत्या. बटणाला कुणी तिच्याजवळ ठेवलं नव्हतं, ते आपणहून गेलं होतं. मावशीने त्याच्या नाकावरच्या काळ्या ठिपक्यावरून जीभ फिरवली. एकदा, मग दम खाऊन पुन्हा एकदा. मग दुसऱ्या पिल्लाला चाटलं. मग मान खाली टेकली.

सहाच्या सुमाराला ती गेली. दोन्ही पिल्लं तिला बिलगून झोपली होती, त्यांना काही कळलंसुद्धा नाही.

"दहा मिनिटं त्या टाकीजवळ थांबले असते, तर निदान दाराआडून तिचा आवाज तरी आला असता," ताई पुटपुटल्या. त्यांनी अजून खांद्यावरची तिकिटांची पिशवी उतरवली नव्हती.

मुंगीने डॉक्टरबाईंची बाही धरली. "बुधवारी बाहेर काढली असती तर? वाचली असती?"

डॉक्टरबाईंनी हात पुसले, चष्मा काढला. "बहुतेक वाचली असती," त्या म्हणाल्या. "तू खरं विचारलंस, म्हणून खरं सांगितलं."

सोमवारी संध्याकाळी गच्चीवर सगळी इमारत जमली. सेक्रेटरीकाकांनी घसा खाकरून भाषण केलं. या मुलांनी एक जीव वाचवला, गळतीही वेळेत सापडली, मुकादमाला आपण चांगलंच फैलावर घेतलं, वगैरे वगैरे. "आमचंही चुकलं," ते शेवटी खालच्या आवाजात म्हणाले, आणि तेवढं एक वाक्य त्यांनी कागदात न बघता म्हटलं. टाळ्या वाजल्या. पोपटाने तीनदा वाकून दाद घेतली. स्क्रूला त्याच्या बाबांनी सगळ्यांसमोर जवळ घेतलं.

"आणि आमची ही मुंगी! काय डोकं आहे पोरीला!"

मुंगी उठून उभी राहिली. "बटण रडत नव्हतं, तिला हाका मारत होतं," ती म्हणाली. "आणि ती उत्तर देत होती. रेडिओ मीच लावला होता." एवढं बोलून ती जिन्याकडे पळाली.

आईने तिला घराच्या दाराशी गाठलं. आईच्या हातांना नेहमीसारखा साबणाचा वास येत होता. मुंगी त्या हातांत तोंड खुपसून पोटभर रडली. आईने तिला गप्प केलं नाही.

"तू लहान असताना मी रेडिओ लावून जायचे ना," बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "तेव्हा मला वाटायचं, पोर रडत नाही, म्हणजे तिचं बरं चाललंय. तेव्हाही तू रडायचीस का गं?"

"सुरुवातीला. रेडिओ लागल्यावरही."

आईने डोळे पुसले. "मला ऐकू नाही आलं," ती म्हणाली. "पण आज तू सगळ्यांसमोर बोललीस, ते मोठ्यांनाही जमत नाही. काकांना बघ, कागदभर भाषण केल्यावर एक वाक्य बोलता आलं."

मावशीला त्यांनी टाकीमागे पुरलं, जिथे तिने बटणाला ठेवलं होतं तिथेच. डक्टच्या दारावर सेक्रेटरीकाकांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी लागली: 'दार लावण्याआधी हाक मारा. थांबा. ऐका.' अक्षर वाकडंतिकडं होतं, पण पाटी पुसट झाली की काका ती पुन्हा रंगवायचे.

दुसऱ्या पिल्लाचं नाव शिंपीणकाकूंनीच ठेवलं. "बटण आहे, मग हे काज! एकावाचून दुसऱ्याचा काय उपयोग?"

मंगळवारी सकाळी ताई कामावर गेल्या. आता घरात दोन वाट्या, दोन मऊ फडकी, आणि फळीवरची रेडिओची जागा रिकामी. मुंगीने दोघांना भरवलं, अर्धा तास बसली आणि जायला उठली. तेवढ्यात बटण न्हाणीघराच्या दाराशी गेलं. दोनदा ओरडलं. मग कान टवकारून, मान वाकडी करून थांबलं.

मुंगीही किल्ली हातात घेऊन थांबली. भिंतीपलीकडे काहीच नव्हतं. बटण वाट बघत राहिलं, बघत राहिलं.

मग मागच्या खोक्यातून काज ओरडलं. बारीक, खरखरीत, थेट आईसारखं!

बटणाने वळून पाहिलं. थोडा वेळ ते तिथेच, भिंत आणि खोकं यांच्या मध्ये उभं राहिलं. शेवटी हळूहळू चालत गेलं आणि खोक्यात शिरलं. मुंगीने बाहेरून कुलूप लावलं, आणि आतून आवाज येतो का ते ऐकत ती बराच वेळ दाराला कान लावून उभी राहिली.